चादरींची टाकी

१

"बाई, टाकी मेली," बुद्धप्रिया फोनवर म्हणाली आणि रडायला लागली.

मी तेव्हा कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर चावत बसले होते. घास तसाच गालात राहिला. ही मुलगी माझ्या हाताखाली सूक्ष्मजीवशास्त्र शिकली. प्रयोगशाळेतला निर्जंतुकीकरणाचा जुना कुकर एकदा धडाम करून उडाला, सगळा वर्ग किंचाळत बाहेर पळाला, तेव्हा ही झाकण शोधत टेबलाखाली शिरली होती. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"रडू नको गं. कशानं मेली ते सांग."

"तेच कळत नाही की. आणि उदयसिंह सर म्हणतात, ती कधी जिवंत नव्हतीच."

टाकी म्हणजे काय, ते आधी सांगते. शहराच्या पूर्व भागात एक धर्मादाय रुग्णालय आहे. आपण प्रतिजैविकाची गोळी घेतो ना, त्यातलं निम्मं-अर्धं औषध तसंच शरीराबाहेर पडतं. ते संडासातून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून कुणाच्या तरी भाजीच्या शेतात. वाटेतल्या जंतूंना रोज थोडंथोडं औषध चाखायला मिळतं आणि ते निर्ढावतात. मग उद्या तुमचं पोर तापानं फणफणलं, की तीच गोळी त्याला लागू पडत नाही.

यावर बुद्धप्रियानं रुग्णालयामागं एक टाकी बांधली होती. त्यात सांडपाणी यायचं आणि खालून नळीनं हवेचे बुडबुडे सोडायचे. पाण्यात लोखंडी चौकटीवर चादरींच्या लांब पट्ट्या टांगलेल्या. हो, सोलापुरी चादरीच. फक्त सुती नव्हेत, सुती पाण्यात कुजली असती. या टेरिलीनच्या सुताच्या होत्या. त्यांच्यावर जंतूंनी बस्तान बसवावं आणि औषध खाऊन टाकावं, अशी ती युक्ती. पावसाळाभर पुण्याच्या प्रयोगशाळेतून छान अहवाल येत होते. आत येणाऱ्या पाण्यात औषध भरपूर, बाहेर जाणाऱ्यात नावाला. आता नवरात्रात आलेल्या अहवालात मात्र जेवढं आत तेवढंच बाहेर.

"सर म्हणतात, मी पुण्याला बाटल्यांत साधं पाणी भरून पाठवलं, आधीचे आकडे मीच बनवले," बुद्धप्रिया म्हणाली. "दसऱ्यानंतर समिती बसणार आहे. तिथं खोटारडी ठरले, तर मला कुणी दारात उभं करणार नाही, बाई."

मी भाकरी झाकून ठेवली आणि रिक्षा बोलावली.

२

रिक्षा जुन्या गिरणीवरून गेली. गिरणी कसली, नुसती चिमणी उरली आहे. माझे वडील तिथं विणाई खात्यात कामाला होते. पहाटेचा भोंगा झाला की आई चूल पेटवायची, आणि आम्ही भावंडं भोंग्यालाच शिव्या देत पांघरुणात शिरायचो. आज तो भोंगा कुणी वाजवला, तर मी रस्त्यात उभी राहून ऐकेन. पूर्व भागात तर पाऊल टाकलं की प्रत्येक घरातून मागाचा खटखटाट यायचा. नाल्याला ज्या रंगाचं पाणी, त्या रंगाच्या चादरी आज रंगवल्यात, हे आम्हा पोरांना शाळेत जाता जाता कळायचं. तेव्हा आम्ही त्या लाल-हिरव्या पाण्यात कागदी होड्या सोडल्या. आज विचार करते तर अंगावर काटा येतो, आणि तरी ते दिवस परत हवेसे वाटतात. माणूस वेडाच असतो.

टाकीपाशी बुद्धप्रिया आणि उदयसिंह माझी वाट बघत उभे होते. उदयसिंह म्हणजे टाकीला पैसे देणाऱ्या योजनेचे अधिकारी, अकलूजकडचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड.

"मॅडम, तुमची विद्यार्थिनी हुशार आहे, मान्य. पण पंप चालू, हवा चालू, पाणी रोजचंच. मग काल काम करणारी टाकी आज बंद कशी पडते? सोपं उत्तर आहे. काल पण करत नव्हती."

"सोपं उत्तर परीक्षेत बरं असतं," मी म्हटलं. "मला जरा बघू द्या."

टाकीची देखभाल कल्लप्पाकडे होती. दुधनीचा माणूस, मराठी बोलताना मधेच कन्नडचा हेल लागायचा. मी त्याला विचारलं, पितृपक्षापासून टाकीला काही झालं का, तो कुठं गेला होता का.

"मी कुटं जातोय, बाई? हितंच की. टाकी सोडून जेवायला बी जात न्हाय."

"अमावास्येला पण इथंच?"

"व्हय की. लई पाऊस त्या दिवशी. त्या छपराखाली कोपऱ्यात बसून हुतो दिवसभर."

सर्वपित्री अमावास्येला मी माझ्या गोधड्या धुऊन गच्चीवर वाळत घातल्या होत्या. सोलापूरचं ऊन असं की दुपारपर्यंत त्या कडकडीत वाळल्या. पाऊस कुठला?

"कल्लप्पा," मी म्हटलं, "पाऊस दुधनीत पडला असेल. इथं थेंब नव्हता. खरं सांग, फाटकाची किल्ली त्या दिवशी कुणाकडं होती?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

३

"वडलांचं पान वाढायचं हुतं, बाई," तो म्हणाला. "वर्षातनं एकदा. रजा मागितली असती तर सायबांनी दिली नसती. गेलो सकाळच्या गाडीनं, आलो रात्री. हवा चालूच हुती, आईशप्पथ."

"किल्ली?"

"चंद्रिकाअक्काकडं. ती झाडलोट करती, तिच्याकडं असतीच की एक."

मग त्यानं आवाज खाली घेतला. "पण बाई, मी आल्यावर दुसऱ्या दिशी तो औषधाच्या कोठीतला त्रिंबक आहे ना, त्याला गटारात काय तरी ओतताना बघितलंय. मी आदी बोललो न्हाय. बोललो असतो तर माझीच सुट्टी भायर आली असती."

हे ऐकून उदयसिंहांनी पहिल्यांदा घड्याळावरची नजर काढली.

त्रिंबक कोठीत पुठ्ठ्यांच्या खोक्यांमागं बसला होता. मुदत संपलेल्या औषधांचं काय करतोस, असं विचारलं तर पाठ केल्यासारखं उत्तर आलं. गाडी येते, घेऊन जाते, पावती देते. गटारात काय ओतलंस, विचारल्यावर पाठांतर संपलं.

"मुलांच्या औषधाच्या बाटल्यांचं खोकं हातातून सुटलं," तो म्हणाला. "सगळं पातळ औषध फरशीवर. वरून ओरडा खायला नको, म्हणून बादलीभर पाणी टाकून मोरीत लोटलं. चुकलंच माझं."

"प्रतिजैविक?"

"हो."

उदयसिंहांनी सुस्कारा सोडला. "घ्या. मिळालं तुमचं उत्तर. टाकीला विषबाधा झाली." त्यांचा आवाज जरा मऊ झाला होता. बुद्धप्रियाच्या चेहऱ्यावर मघापासून पहिल्यांदा रंग परत आला. खोटारडी ठरण्यापेक्षा हे केव्हाही बरं, असं तिला वाटलं असणार. मलाही ते मानून घरी जायचा मोह झाला. भाकरी वाट बघत होती.

पण माझ्या डोक्यात काहीतरी टोचत होतं. मी कल्लप्पाला म्हटलं, "टाकीच्या आधीच्या चेंबरचं झाकण उघड."

४

झाकण उघडलं. बुद्धप्रियानं नाकाला ओढणी लावली. मी नाही लावली. चाळीस वर्षं जंतूंबरोबर काढली आहेत, त्यांच्या वासाला नाक मुरडणं शोभत नाही.

चेंबरच्या भिंतींवर जाड, बुळबुळीत, तपकिरी साय होती. काडीनं ओढली तर लोळा आला. अगदी टवटवीत.

"बघ," मी बुद्धप्रियाला म्हटलं. "त्रिंबकचं औषध आधी इथून गेलं. इतकं जहाल असतं तर सगळ्यात आधी हे मेले असते. आणि टाकीत बघ." बुडबुडे पोचत नव्हते त्या कोपऱ्यात डासांच्या अळ्या मजेत वळवळत होत्या. "दुसरं कुठलं विष असतं तर याही नसत्या. पाण्यातून काही आलेलं नाही."

"म्हणजे?" उदयसिंह म्हणाले. "परत माझ्याच उत्तरापाशी आलो की आपण."

बुद्धप्रियानं मान खाली घातली. मला स्वतःचाच राग आला. पोरीला बुडत्या होडीतून काढायला आले आणि मीच फळी काढून घेतली, असं झालं. बोलण्यापेक्षा करावं म्हणून मी कल्लप्पाला सांगितलं, "चौकट वर ओढ. चादरी बघू."

आजवर सगळ्यांनी पाणी तपासलं होतं. चादरींकडे कुणी बघितलंच नव्हतं.

साखळी करकरली आणि पट्ट्या पाण्याबाहेर आल्या. लहानपणी आमच्या घरी अगदी अशीच चादर होती, मोठी फुलं आणि काठाला मोर. वडील रात्रपाळीहून आले की आम्ही ती सोडून पळायचो आणि ते आमच्या उबेत झोपायचे.

मी हात लावला. पट्ट्यांवर पातळ मळ होता, आठवडाभरात बसतो तेवढा. बोट फिरवलं की खालचा रंग लख्ख दिसायचा. पावसाळाभर गटाराच्या पाण्यात लोंबलेली चादर इतकी स्वच्छ?

आणि आणखी एक गोष्ट होती. सोलापुरी चादरीला दोन्हीकडून नक्षी असते, पण दोन्ही बाजू सारख्या नसतात. सुलट बाजूला गडद रंगावर फिकी फुलं उठून दिसतात, उलट बाजूला रंग अदलाबदल होतात. इथं सगळ्या पट्ट्यांची सुलट बाजू फाटकाकडे होती. प्रत्येकीचा काठ शेजारणीच्या काठाशी जुळवलेला. दुकानात मांडतात तशा.

"टांगल्या कुणी होत्या?"

"मी आणि कल्लप्पानं," बुद्धप्रिया म्हणाली. "हाताला येईल तशी पट्टी घेतली आणि अडकवली. उलट-सुलट आम्हाला कुठं कळतं?"

"कोपऱ्यातली ती बघ."

हवेच्या नळीमागं एक पट्टी अडकून राहिली होती. हात आत जाईना अशी जागा. ती उलटी होती, रंग अदलाबदल झालेली, आणि तिच्यावर बोटभर जाड तपकिरी साय होती, चेंबरमधल्यासारखीच.

"हा एवढाच काय तो तुझ्या टाकीचा उरलेला जीव," मी म्हटलं. "तुझ्या जंतूंना कुणी मारलं नाही. त्यांना धुतलं. चौकट रिकामी केली, पट्ट्या खसाखसा घासल्या, वाळवल्या आणि परत टांगल्या. टांगताना एकही पट्टी उलटी जाऊ दिली नाही. नळीमागची तेवढी हाताला लागली नाही."

"पण असं कोण करेल?" उदयसिंह म्हणाले. "आणि कशासाठी?"

कशासाठी ते मला तेव्हा कळलं. अमावास्येला मी स्वतः काय करत होते?

५

दसरा काढायचा असतो. घट बसायच्या आधी घरातलं चिंधीन् चिंधी बाहेर काढायची. गोधड्या, चादरी, वाकळा, उशांचे अभ्रे. सगळं धुवायचं, घासायचं, उन्हात टाकायचं. मळकं पांघरूण घरात ठेवून देवी बसवत नाहीत. लहानपणी आई आम्हाला घेऊन ओढ्यावर जायची. अख्खी गल्ली असायची तिथं. दगडावर आपटायचा आवाज, ओल्या गोधडीचं ते ओझं, दोघींनी दोन टोकं धरून पिळणं, आणि दुपारी झुडपांवर वाळत घातलेल्या चादरींमधून आमचा लपंडाव. आता बाया यंत्रात टाकतात, पण टाकतात.

मी एकटीच चंद्रिकाकडे गेले. टाकीमागच्या वस्तीतच तिची खोली. पद्मशाली विणकराच्या घरची, नवरा जाऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं. टाकीसाठी चादरी तिनंच दिल्या होत्या, हे मला बुद्धप्रियानं निघताना सांगितलं. खोलीत एका बाजूला मोडून ठेवलेल्या मागाची लाकडं रचलेली होती. देवीपुढं घट होता. जमिनीवरून जेवता येईल इतकं सगळं लख्ख.

"चंद्रिका," मी म्हटलं, "यंदा दसरा काढला का गं?"

"काढला की, बाई. सगळा काढला."

"टाकीतला पण?"

ती हसली. लपवण्यासारखं काही आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"मग? त्या चादरी ह्यांनी विणलेल्या. घरातली सगळी पांघरुणं धुवायची आणि त्यांच्या हातच्या तेवढ्या घाणीत ठेवायच्या का? कल्लप्पा नव्हता, कुणाला त्रास पण नाही. सोडा लावून उकळत्या पाण्यात घातल्या. लई घाण निघाली बाई, अय्यो, हात दुखून आले. ऊन छान होतं. संध्याकाळी परत घातल्या. त्या पोरीनं अर्ध्या उलट्याच टांगलेल्या. ह्यांना उलटी चादर दिसली की जेवण जात नसे."

मग मी तिला सांगितलं. ती घाण म्हणजेच टाकी होती. त्या सायीतले जंतू औषध खात होते. ती धुतली गेली, म्हणून पाणी परत तसंच वाहू लागलं, आणि आता बुद्धप्रियावर खोटेपणाचा आळ आला आहे.

चंद्रिका उभीच होती, ती खाली बसली.

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

खरंच सांगितलं नव्हतं. साहेब आले की बुद्धप्रिया तासभर समजावून सांगायची. पुण्याहून पाहुणे आले तेव्हा तर फलक लावून सांगितलं. रोज टाकीभोवती झाडू मारणाऱ्या बाईला, जिच्या चादरी होत्या तिला, एक शब्द नाही. मी बुद्धप्रियाची शिक्षिका, आणि मलाही तिला कधी विचारायचं सुचलं नाही की, त्या बाईला माहीत आहे का गं?

"माझं नाव सांगणार?" चंद्रिकानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुझ्या नावाशिवाय पटवून देता येतं का बघते."

६

कॉलेजच्या जुन्या प्रयोगशाळेत माझा माजी सहकारी अजून आहे. त्यानं एक टेबल मोकळं करून दिलं. तेच टेबल, तीच करवतलेली कड, खिडकीबाहेर तोच कडुनिंब. बुद्धप्रियानं आणि मी दोन बरण्या मांडल्या. दोन्हींत रुग्णालयाचं तेच सांडपाणी, दोन्हींत मासे ठेवतात त्या काचपेटीच्या पंपानं हवा. एकीत धुतलेल्या पट्टीचा तुकडा, दुसरीत नळीमागच्या मळक्या पट्टीचा. बुद्धप्रिया माझ्या शेजारी उभी राहून काचेच्या बशा भरत होती. मधेच मी तिला सवयीनं ओरडले, "झाकण इतका वेळ उघडं ठेवू नको." ती खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी मी कुणाला तरी ओरडले होते. फार बरं वाटलं.

दसऱ्यानंतर समिती बसली तेव्हा मी उदयसिंहांपुढं दोन बशा ठेवल्या.

"या दोन्ही बशांत साधे जंतू पेरले होते," मी म्हटलं. "मधल्या खळग्यात बरणीतलं पाणी घातलं. पाण्यात औषध शिल्लक असेल तर खळग्याभोवती जंतू वाढत नाहीत, मोकळं कडं दिसतं. ही धुतलेल्या पट्टीची बशी."

खळग्याभोवती रुपयाएवढं स्वच्छ कडं होतं.

"आणि ही मळक्या पट्टीची."

खळग्याच्या अगदी कडेपर्यंत जंतू वाढले होते. कडं नव्हतंच.

उदयसिंहांनी दोन्ही बशा उजेडात धरल्या, खाली ठेवल्या, परत धरल्या. माणूस वाईट नव्हता. दिसलं ते मानायची त्यांची तयारी होती, आधी कुणी दाखवलं नव्हतं एवढंच.

"म्हणजे पट्टीवरचा मळ औषध खातो," ते म्हणाले. "बुद्धप्रिया मॅडमचे आधीचे आकडे खरे होते." मग ते बुद्धप्रियाकडे वळले. "मी तुम्हाला खोटं ठरवलं. माझं चुकलं."

बुद्धप्रियानं नुसती मान हलवली.

"पण मळ काढला कुणी, ते नोंदवावं लागेल," समितीतलं कुणीतरी म्हणालं.

"माहिती न दिल्यामुळं देखभालीत झालेली चूक, असं लिहा," बुद्धप्रिया म्हणाली. "माहिती द्यायचं काम माझं होतं. माझं नाव घाला."

तेवढ्यात दार उघडलं. चंद्रिका आत आली, पाठीमागं तिला अडवायचा प्रयत्न करून दमलेला कल्लप्पा. ती नवं लुगडं नेसली होती. सरळ टेबलापाशी आली.

"मी धुतल्या," ती म्हणाली. "कुणी सांगितलं नव्हतं, पण धुतल्या मीच. काय करायचं ते करा. मला एकच विचारायचंय."

उदयसिंहांनी पेन खाली ठेवलं आणि तिला बोलायची खूण केली.

"माग बंद पडायच्या आधी ह्यांनी त्या टेरिलीनच्या सुताच्या केल्या होत्या. म्हणायचे, नवी चीज आहे, खपेल. एक खपली नाही. अंगाला गरम होते म्हणून सगळा गठ्ठा दुकानदारानं परत पाठवला. ते जाईपर्यंत गठ्ठा उशाशी होता. शेवटी शेवटी म्हणायचे, मी चुकीची चादर विणली." तिनं बुद्धप्रियाकडे बघितलं. "मी धुवायच्या आधी त्या काम करत होत्या का? खरंच?"

बुद्धप्रिया उठून तिच्याजवळ गेली.

"खरंच करत होत्या, अक्का. पावसाळाभर. रुग्णालयाचं सगळं औषध त्यांनी पाण्यातून काढलं. सुती चादरीला ते जमलंच नसतं, कधीच कुजली असती. ह्याच चादरी लागत होत्या."

चंद्रिकानं ते ऐकलं. मग पदर तोंडाला लावून ती रडली, आणि उदयसिंहांनी उठून तिला स्वतःची खुर्ची दिली.